घरचा माणूस आणि हजेरीपट

मुंबई-पुण्याकडील कोणत्याही लहानशा दुकानात शिरले, म्हणजे गल्ल्याच्या मागील भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, उदबत्तीच्या धुराने पिवळट झालेल्या काचेआड एक सरकारी कागद टांगलेला दिसतो. आणि हा कागद कशाचा म्हणून मालकास पृच्छा केली, तर तो 'शॉप ॲक्ट' असे, किंवा जुन्या वळणाचा असल्यास 'गुमास्ता लायसन' असे उत्तर देतो. गुमास्ता हा शब्द फारसी आहे, आणि धन्याच्या वतीने पेढीचा कारभार पाहणारा नोकर असा त्याचा अर्थ आहे. ज्या कागदाला मालक आपला परवाना समजतो, त्याचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव नोकरावरून पडलेले असावे, याची मला कैक वर्षे गंमत वाटत आली. परंतु थोडा विचार केला असता ध्यानात येते, की लोकांनी ठेवलेले हे नाव सरकारी नावापेक्षा अधिक यथार्थ आहे. दुकान चालविण्याची मुभा देण्यासाठी हा कायदा झालेलाच नाही. दुकानात राबणाऱ्या माणसास सकाळी किती वाजता बोलवावे, रात्री किती वाजता घरी सोडावे, आठवड्यातला कोणता दिवस त्याचा स्वतःचा असावा, एवढे ठरविण्यासाठी मुंबई प्रांताने तो १९३९ साली प्रथम केला, आणि हिंदुस्थानात त्या जातीचा तो पहिलाच कायदा होता. पुढे १९४८ साली त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली आणि २०१७ साली तिसऱ्याने. मात्र बँकेत चालू खाते उघडावयाचे म्हणून एजंटाकरवी काढून आणलेला तो कागद मालकाने कधी निवांतपणे वाचल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात फारसे नाही. प्रस्तुत पुस्तक त्या न वाचलेल्या कागदाविषयी, आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या बऱ्याच मोठ्या कायदेसमूहाविषयी आहे.

पुस्तकाच्या लेखकांनी प्रस्तावनेसाठी माझ्याकडे यावे, याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझे वय हे आहे. कामगार न्यायालयाच्या बाकांवर मी आयुष्याची चाळीसेक वर्षे बसून काढली, आणि त्यांतील बहुतेक काळ मी मालकांचा वकील होतो. मोठ्या कारखानदारांचे वकीलपत्र मला कधी मिळाले नाही. त्यांच्यापाशी स्वतंत्र खाती असतात, अधिकारी असतात, आणि ते अधिकारी आपले वकील मुंबईहून आणतात. माझे पक्षकार म्हणजे छापखानेवाले, बेकरीवाले, लेथवाले, दोघा-तिघा डॉक्टरांनी मिळून काढलेले एखादे प्रसूतिगृह, सात-आठ पोऱ्यांवर चालणारे एखादे उपाहारगृह. या मंडळींविषयी बाहेर दोन समजुती प्रचलित आहेत: हे लोक नोकराला पिळून काढतात ही एक, आणि कायदा या लोकांना पिळून काढतो ही दुसरी. दोहोंतही थोडेबहुत तथ्य आहे. परंतु मला जे जवळून दिसले ते असे, की यांचा सारा व्यवहार तोंडी असतो. माणूस ठेवला तो तोंडी, पगार ठरला तो तोंडी, वाढला तो तोंडी, मध्ये उचल दिली ती तोंडी, आणि एके दिवशी रागाच्या भरात माणूस काढून टाकला तोही तोंडीच. यात कागद कोठे आहे असे विचारले की ठरलेले उत्तर येई: 'अहो, तो आमच्या घरच्यासारखा आहे.' या एका वाक्याने माझ्या पक्षकारांचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही युनियनने केले नसेल.

हे वाक्य खोटे असते, असे मात्र मी कदापि म्हणणार नाही, कारण ते किती खरे असू शकते हे मी लहानपणी पाहिलेले आहे. माझे वडील दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी घाऊक कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. सकाळी आठाला जाऊन ते गादीपुढे दिवा लावीत, आणि रात्री गल्ला मोजून, रोजकीर्द मिळवून, लाल कापडाची चोपडी फडक्यात बांधून मगच घरी येत. दिवाळीला आमच्या घरी फराळ शेठजींकडून येई आणि आमच्या आजारपणात डॉक्टरचे पैसे शेठजी देत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी गल्ल्यातून ५०० रुपये काढून वडिलांच्या हातावर ठेवले आणि 'लेकीचे लग्न आहे' एवढेच म्हणाले. ही रक्कम कीर्दीत कोणत्या खाती टाकावी, हा प्रश्न वडिलांना त्या रात्री पडला. शेवटी त्यांनी ती त्यांच्या वळणदार अक्षरात 'किरकोळ देणे' म्हणून लिहिली, असे त्यांनी पुढे आम्हांस सांगितले. गावातल्या दोनशे गिऱ्हाइकांचे खाते त्या चोपडीत होते, स्टेशनावरच्या हमालांचे होते, पेढीच्या घोड्याच्या चंदीचेही होते. ज्याने ती सारी लिहिली त्या माणसाच्या नावाचे पान तेवढे तीत नव्हते.

शेठजी वारले आणि दोन वर्षांनी, १९६९ साली, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर वडील निवृत्त झाले. शेठजींच्या मुलांनी त्यांना धोतरजोडी, नारळ आणि १०१ रुपये देण्याचे योजिले. परंतु धाकट्याने जुन्या चोपड्या चाळता चाळता ते 'किरकोळ देणे' काढले, आणि ही दिवाणजींची उचल दिसते, ती फिटल्याची नोंद कोठे नाही, असे अत्यंत सौम्य शब्दांत विचारले. त्यात त्याची लबाडी नव्हती. त्याच्यापुढे एक अक्षर होते आणि त्या अक्षराचा अर्थ जाणणारा एक माणूस स्वर्गवासी झाला होता. दुसरा समोर उभा होता, पण तो स्वतःच्याच बाबतीत साक्षीदार कसा व्हावा? वडील काही बोलले नाहीत. १०१ रुपये त्यांनी गादीवर परत ठेवले आणि धोतरजोडी व नारळ घेऊन घरी आले. उरलेल्या ३९९ रुपयांची गोष्ट दोन्ही बाजूंनी पुन्हा कधी कोणी काढली नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९७२ साली, झाला. वकिली सुरू केल्यावर मी एकदा पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून पाहिला होता: अखेरचा पगार १८० रुपये, त्याला २६ ने भागून आलेल्या रोजाचे पंधरा दिवस, गुणिले एकतीस वर्षे, म्हणजे ३,२१९ रुपये. अर्थात् तो कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेस लागू पडे, आणि आमच्या पेढीवर हमाल धरले तर अकरा माणसे होती, न धरले तर सहा.

नोकरीचा करार दोघांच्याच स्मरणावर सोडू नये ही बुद्धी इंग्रजांनी आपल्याला दिली, असे मानणाऱ्यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कर्मकरांविषयीचा भाग वाचावा. माणूस कामास लावल्याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असावे, असे तेथे सांगितले आहे. वेतन जसे ठरले तसे द्यावे, आणि मुळात काही ठरलेच नसेल तर शेतात राबणाऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या नोकरास विक्रीचा दहावा हिस्सा द्यावा, असाही दंडक आहे. मला यातली शेजाऱ्यांची तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटते. जेथे बहुतेकांना लिहिता येत नाही तेथे शेजारी हाच नोंदवहीचे काम करतो. आज शेजारच्या गाळ्यातल्या दुकानदाराला आपल्याकडच्या पोऱ्याचे नावही माहीत नसते, तेव्हा ती जागा नेमणूकपत्राने, हजेरीपटाने आणि पगारपत्रकाने घ्यावयाची आहे, इतकेच.

यांतील हजेरीपट हा दिसावयास सर्वांत क्षुद्र, आणि मुळात खटल्याचा सारा डोलारा त्याच्यावर. माझा एक पक्षकार होता. पूर्वी कारखान्यात टर्नर, मग कर्ज काढून स्वतःचे दोन लेथ घेतले आणि सात माणसे ठेवली. माणूस इतका सरळ, की खंडेनवमीला लेथला हार घालण्यापूर्वी तो कारागिरांना गंध लावी. त्यांपैकी सर्वांत जुना कारागीर एका वर्षी गणपतीला चार दिवसांची रजा सांगून कोकणात गेला आणि तेराव्या दिवशी परतला. मधल्या काळात एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम हातचे गेले होते. मालक दारातच म्हणाला, 'आता घरीच बस.' कारागीर वळला आणि गेला. मालकाचे म्हणणे, तो संध्याकाळी येईल म्हणून मी वाट पाहिली. कारागिराचे म्हणणे, मला कामावरून काढले. दोघेही शपथेवर खरेच बोलत होते. महिनाभराने युनियनच्या कागदावर मागणीपत्र आले, मग सहायक कामगार आयुक्तांच्या कचेरीत समेटाच्या तारखा पडल्या, आणि समेट न झाल्याने प्रकरण न्यायालयात गेले.

न्यायालयाने हजेरीपट मागविला तेव्हा असे कळले, की हजेरी मालकाची पत्नी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठेवीत असे. त्याच दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे होते आणि वर्तमानपत्राचेही होते. एकासाठी वर्तुळ, दुसऱ्यासाठी फुली आणि तिसऱ्यासाठी टिंब, अशी त्यांची व्यवस्था होती. बाई अत्यंत प्रामाणिक होत्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी ऑगस्टचे पान डोळ्यांजवळ धरले, दूर धरले, आणि १७ तारखेचे वर्तुळ कारागिराचे की दुधाचे हे मला शपथेवर सांगता येणार नाही, असे सांगून टाकले. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. सहा वर्षांनी तडजोड झाली, तोवर दोहोंपैकी एक लेथ विकावा लागला होता. यात मला आजही जी रुखरुख वाटते ती अशी, की त्या संध्याकाळी कारागीर आला नाही तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच्या गावच्या पत्त्यावर, 'आपण अमुक तारखेपासून गैरहजर आहात, तरी त्वरित कामावर रुजू व्हावे,' अशी दोन ओळींची नोंदणीकृत चिठ्ठी गेली असती, तर हा खटला उभाच राहता ना. कामगार स्वतःहून नोकरी सोडून गेला असे म्हणणाऱ्या मालकाला न्यायालय पहिला प्रश्न हाच करते, की तुम्ही त्याला परत बोलाविले होते काय? पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात या पत्राचा नमुना दिला आहे. बाकी काही वाचावयास सवड नसेल त्याने ते एक पान तरी कापून ठेवावे.

लहान मालकाची एक दृढ समजूत अशी, की आपण लहान आहोत म्हणून कायदा आपल्याकडे पाहत नाही. कित्येक कायद्यांच्या बाबतीत ती खरी आहे. परंतु ज्याने सलग वर्षभर काम केले, म्हणजे कायद्याच्या भाषेत बारा महिन्यांत २४० दिवस भरले, त्या कामगारास कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस अथवा तिच्याऐवजी पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून दिले पाहिजे, ही जी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील अट, तिला कामगारांच्या संख्येची मर्यादा नव्हती. दोन माणसांच्या दुकानालाही ती बांधून घेत होती, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या केंद्राच्या औद्योगिक संबंधांच्या नव्या संहितेतही तत्त्व तेच राहिले आहे. गैरवर्तनासाठी काढावयाचे असेल तर मार्ग निराळा: आरोपपत्र, खुलासा, चौकशी, आणि त्या चौकशीत कामगाराला आपली बाजू मांडण्याची व साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची खरीखुरी संधी. चोरी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली असताना चौकशी कशाला, असा प्रश्न मला शेकडो वेळा विचारण्यात आला. ज्याने पाहिली तोच फिर्यादी, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश, असे झाले तर त्याला निवाडा म्हणता येत नाही. आणि चौकशी एखाद्या त्रयस्थ माणसाकडे सोपविण्यास जो खर्च येतो तो मागील पगारासह पुनःस्थापनेच्या हुकुमापेक्षा नेहमीच कमी असतो. दुसरी एक युक्तीही अशीच निष्फळ आहे. कारकुनाला 'मॅनेजर' म्हटले की तो कामगार राहत नाही, असे मानून पुष्कळांनी हुद्द्यांची खैरात केलेली मी पाहिली. न्यायालय हुद्दा वाचत नाही, माणूस दिवसभर काय करतो ते विचारते.

आता संख्येचे पाहू. आपल्या कामगार कायद्यांत आकड्यांना जवळजवळ मंत्राचे सामर्थ्य आहे. दहा माणसे झाली की राज्य विमा योजना, ग्रॅच्युइटी, प्रसूतिलाभ आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी आणि बोनस. पन्नास झाली की पाळणाघर. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने नोंदणीसाठी दहाचा आकडा धरला होता व त्याखालच्यांना नुसती माहिती कळविणे पुरेसे केले होते. अशा मर्यादांत राज्य सरकार वेळोवेळी फेरफार करीत असते, म्हणून ताजे राजपत्र पाहिल्यावाचून कोणताही आकडा प्रमाण मानू नये. या आकड्यांचा परिणाम म्हणजे, महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींतून हिंडताना पटावर नेमकी एकोणीस माणसे असलेली इतकी वर्कशॉपे आढळतात, की परक्या माणसाला एकोणीस हा आपल्याकडे शुभ अंक असावा असे वाटेल. विसावा माणूस असतोच. तो कंत्राटदाराच्या नावावर असतो, मेहुण्याच्या दुकानाच्या नावावर असतो, किंवा कोणाच्याच नावावर नसतो. पण फंडाच्या हिशेबात कंत्राटदाराचा माणूसही मोजला जातो, आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या घटली म्हणून तो सुटत नाही. लेखकांनी या विषयाला बगल दिली आहे, हा त्यांचा व माझा एक मतभेद. वाचक दुखावेल या भीतीने हे सांगावयाचे टाळले, तर वाचकाला ते दुसरा कोणी तरी, बहुधा वसुलीची नोटीस हाती देताना, सांगतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार संहिता अमलात आल्या आणि एकोणतीस कायदे त्यांत सामावले गेले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे. वेतनाच्या संहितेत चार कायदे, औद्योगिक संबंधांच्या संहितेत तीन, सामाजिक सुरक्षेच्या संहितेत नऊ, आणि सुरक्षितता व आरोग्याच्या संहितेत तेरा, अशी ती बेरीज आहे. यामुळे सारे सोपे झाले असे जे सांगण्यात येते त्यावर मी अद्याप विश्वास ठेवलेला नाही; एकोणतीस गाठोड्यांतले सामान चार ट्रंकांत भरले म्हणजे सामान कमी होते असे नाही. तरी तीन गोष्टी लहान मालकाने तातडीने लक्षात घ्याव्यात. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, म्हणून मूळ पगार नावापुरता ठेवून बाकीचे भत्ते करण्याची जुनी कसरत फंडाच्या व ग्रॅच्युइटीच्या कामी उपयोगी पडत नाही. आणि माणूस राजीनामा देऊन गेला वा त्याला काढले, तरी त्याच्या वेतनाचा हिशेब कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. 'पुढच्या दहा तारखेला ये' हे आता चालत नाही. इन्स्पेक्टरचेही नाव बदलले. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने त्यालाच 'सुविधाकार' केले होते. नाव बदलल्याने तो चहा घेऊन जातो की दंड करून जातो, हे ज्याने त्याने अनुभवाने ठरवावे.

विमा आणि फंड यांविषयी लेखकांनी विस्ताराने लिहिले आहे आणि ते योग्य केले आहे. वीस-वीस वर्षे धंदा केलेल्या माणसालाही राज्य विमा योजना ही आपल्यावर लादलेली पट्टी वाटते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारामागे मालकाने सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरावयाचा. आणि त्या मोबदल्यात, पॉवर प्रेसमध्ये बोट गेले तर जी भरपाई अन्यथा मालकाच्या खिशातून जावी, ती योजनेकडून मिळते. योजना नसेल तेथे १९२३ पासून चालत आलेल्या भरपाईच्या कायद्याचे तत्त्व लागू पडते, आणि ते तत्त्व असे, की अपघातात मालकाची चूक होती की नव्हती हे सामान्यतः विचारावयाचेच नाही. कामातून आणि कामाच्या ओघात इजा झाली, एवढे पुरे. बाई कामावर ठेवली तर सव्वीस आठवड्यांचा प्रसूतीचा पगार मला परवडणार नाही, असे म्हणून हुशार मुलींचे अर्ज बाजूला सारणारे मालक मी पाहिले आहेत. विमा योजनेतील कामगार स्त्रीचा तो लाभ योजना देते, हे त्यांपैकी एकालाही माहीत नव्हते. फंडाचे मात्र निराळे आहे. कामगाराच्या पगारातून बारा टक्के कापून घ्यावयाचे आणि हात जरा आखडला आहे म्हणून ते कच्च्या मालाच्या बिलात घालावयाचे, हा प्रकार पुष्कळांना तात्पुरत्या हातउसन्याइतका निरुपद्रवी वाटतो. कायदा त्याला विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा समजतो, आणि येथे माझे मत पूर्णपणे कायद्याच्या बाजूचे आहे.

आठवड्याच्या सुटीचे जे प्रकरण आहे त्यात नारायण मेघाजी लोखंडे यांचा उल्लेख आला आहे, याचे मला समाधान वाटले. त्यांनी चालविलेल्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरण्यांत १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळू लागली. गिरणीकामगाराला रविवार मिळाल्यानंतर दुकानातल्या गुमास्त्याला त्याचा हक्काचा वार मिळावयास पन्नास वर्षे लागली. दुकानात संख्या थोडी, आणि थोडक्यांचा मोर्चा निघत नाही. तेव्हा जे मिळाले ते कायदेमंडळातूनच मिळाले. बोनसची कथाही गिरण्यांतूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरणीमालकांनी वाढलेल्या नफ्यातून जी रक्कम खुशीने दिली, तिचे पुढे मागणीत, मागणीचे संपात, आणि १९६५ साली कायद्यात रूपांतर झाले. किमान बोनस ८.३३ टक्के का, असा प्रश्न पडणाऱ्याने शंभराला बाराने भागून पाहावे. तो एका महिन्याचा पगार आहे. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत तो द्यावयाचा, म्हणजे मार्चअखेर वही बंद करणाऱ्यास नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत मिळते, आणि आपली दिवाळी त्या मुदतीत आपोआप येते. मिठाईचा पुडा आणि स्टीलचा डबा द्यावयास कोणाची हरकत नाही. तो या हिशेबात धरता येत नाही, एवढेच.

पुस्तकाचा उत्तरार्ध कामाच्या ठिकाणच्या धोरणांविषयी आहे. इकडे तरुण मालकांत एक नवी हौस आली आहे. कोठून तरी चाळीस पानांचे इंग्रजी धोरणपत्र उतरवून घ्यावयाचे, वर आपल्या दुकानाचे नाव घालावयाचे, आणि ते फायलीत लावून निश्चिंत व्हावयाचे. असे एक धोरणपत्र माझ्यापुढे आले होते. अकरा माणसांची बेकरी. आणि त्यात लिहिले होते की प्रत्येक तक्रार प्रथम विभागप्रमुखाकडे, मग प्रादेशिक व्यवस्थापकाकडे, आणि मग मुख्य कचेरीकडे जाईल. बेकरीत भट्टी एक, मालक एक आणि मोरी एक होती. कामगाराच्या वकिलाने हेच धोरण न्यायालयात वाचून दाखविले आणि आपण स्वतः केलेला नियम आपणच पाळला नाही, असे मालकाकडून कबूल करून घेतले. लेखकांचा सल्ला असा, की धोरण एका पानाचे असावे, मराठीत असावे, आणि मोरीवर जाताना दिसेल अशा जागी लावलेले असावे: कामाची वेळ, जेवणाची सुटी, साप्ताहिक सुटीचा वार, रजा सांगण्याची रीत, पगाराची तारीख, उचल किती व ती कशी फेडावयाची. मी यात एवढीच भर घालीन, की उचलीच्या नोंदीखाली घेणाऱ्याची सही आणि देणाऱ्याचीही सही असावी, आणि रक्कम भेट म्हणून दिली असेल तर 'भेट' हा शब्द स्पष्ट अक्षरात लिहावा. ही सूचना मी का करतो, ते वाचकास सांगावयास नको.

लैंगिक छळाविषयीचे प्रकरण लेखकांनी संकोच न बाळगता लिहिले आहे. विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिलेल्या निर्देशांनंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली, कायदा झाला. दहा माणसांच्या आस्थापनेत समिती असावी, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. तक्रार तीन महिन्यांत करावी, चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. लहान आस्थापनेत अडचण ही, की समितीवर घेण्याजोगी वरिष्ठ स्त्री म्हणजे बहुधा मालकाची पत्नी किंवा वहिनी, आणि तक्रार पुष्कळदा मालकाविरुद्ध किंवा त्याच्या भावाविरुद्ध. मालकाविरुद्धची तक्रार, तसेच दहांहून कमी माणसे असतील तेथील कोणतीही तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता त्याच एका पानावर, इतर नियमांइतक्याच मोठ्या अक्षरात, लावावा असे लेखक सुचवितात. ज्या मालकाला ही सूचना अपमानकारक वाटेल त्याने, आपल्याला असे का वाटले, याचा क्षणभर विचार करावा.

भाषेविषयी एक तक्रार राहिली. लेखकांनी राजभाषेचा कोश जवळ ठेवून लिहिले असल्याने ग्रॅच्युइटीला सर्वत्र 'उपदान' म्हटले आहे. शब्द निर्दोष आहे, व मूळ संस्कृत अर्थालाही धरून आहे. परंतु उपदान मागावयास आलेला कामगार मी चाळीस वर्षांत एकही पाहिला नाही. भविष्य निर्वाह निधीला तो 'फंड' म्हणतो, मजुरीला 'पगार' म्हणतो, आणि हा पगार तर पोर्तुगिजांकडून आला. गैरहजेरीला तो 'खाडा' म्हणतो. ज्या शब्दांनी भांडण होते त्याच शब्दांत नियम लिहिलेला असावा, असा माझा आग्रह होता. लेखकांनी तो निम्मा मान्य करून शेवटी शब्दांची एक यादी जोडली आहे.

त्या यादीनंतरची आठ पाने कोरी सोडली आहेत, आणि ती छापखान्याची चूक नाही. किमान वेतनावरचा विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून छापील आकडा सहा महिन्यांत शिळा होतो. वाचकाने दर सहामाहीस आपल्या उद्योगाचा नवा दर त्या पानांवर स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावा, खाली तारीख घालावी, आणि पटावरील माणसांची नावे एकेक करून लिहावीत. पहिल्या ओळीपुढे १ असा अनुक्रमांक छापलेला आहे. शेवटच्या ओळीपुढे वीस.